शेवटचा हात कोणाचा

काहीही बिघडले की सेतुमामांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "शेवटचा हात कोणाचा?" मग ती आमच्या इमारतीची लिफ्ट असो, कुणाचा मिक्सर असो की मोटार. उत्तर मिळेपर्यंत ते अवजार उचलत नसत. पेल्यातली कॉफी वाटीत आणि वाटीतली पेल्यात, अशी ओतत बसत.

मामा आमचे शेजारी, तंजावरकडचे मराठी. शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागातून निवृत्त झालेले. आमच्याशी तंजावरी वळणाची मराठी बोलत, गाड्यांशी तमिळ, आणि मला लाडाने कण्णा म्हणत.

माझे वडील युनियनचे. पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. त्यामुळे शोरूममधून सेन्सर बदलून आलेल्या आमच्या गाडीचा इंजिनचा पिवळा दिवा चौथ्या दिवशी पुन्हा पेटला, तेव्हा मी फोन केला नाही, पत्रक लिहिले. ‘जुनाच सेन्सर पुसून बसवणाऱ्या लुटारूंनो’ अशी सुरुवात आणि तळाला कामाच्या कागदावर सही करणाऱ्या मेकॅनिकचे नाव, सेल्वम. शंभर प्रती शनिवारी सकाळी शोरूमच्या दारात वाटायच्या होत्या.

शुक्रवारी मामांना गाडी दाखवली ती केवळ पुरावा पक्का करायला. त्यांनी स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला आणि आलेला बिघाडाचा कोड शोरूमच्या कागदाशी ताडून पाहिला. आधीचा कोड सेन्सरचा होता. आताचा वेगळाच निघाला. इंजिनात कुठून तरी जादा हवा शिरते आहे, असे सांगणारा. मग त्यांनी मला वाकायला लावून सेन्सर दाखवला. नवा कोरा होता.

"दुरुस्तीनंतर बॉनेट कोण उघडलं?"

कोणी नाही, मी म्हणाले आणि जीभ चावली. गाडी घरी आली त्याच संध्याकाळी, एअर फिल्टर खरोखर बदलला का ते पाहायला, मीच हवेचा पाइप काढून फोटो घेतले होते.

तो पाइप आवळून धरणारी पट्टी ढिली लोंबत होती. मामांनी ती आवळली, कोड पुसला, समुद्रापर्यंत चक्कर मारून आणली. दिवा पेटला नाही. मग त्यांनी पत्रक सावकाश, शेवटपर्यंत वाचले.

"भाषा झणझणीत आहे. पण उद्या हे वाटलीस की सेल्वमचं काम गेलं. ते परत बसवायला माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर नाही, कण्णा."

मी गठ्ठा फाडायला निघाले, तर त्यांनी कात्री पुढे केली. सेल्वमच्या नावाची तळाची पट्टी माझ्याकडून शंभर वेळा कापून घेतली. कागद चांगला होता, पाठ कोरी होती. पुढे इमारतीत ज्याच्या त्याच्या गाडीचे निदान मामा त्या पाठीवर लिहून देत, आणि लोक कागद उलटून विचारत, हे लुटारू कोण?

मागच्या महिन्यात मामा मुलीकडे कोइमतूरला राहायला गेले. जाताना स्कॅनर मला दिला, उरलेल्या पत्रकांत गुंडाळून. सगळ्यांत वरच्या कोऱ्या पाठीवर एकच ओळ होती, त्यांच्या पहिल्या प्रश्नाची.

पत्रके मी अजून लिहिते, तितकीच झणझणीत. फक्त छापायला देण्याआधी त्या ओळीखाली उत्तर लिहून पाहते. आतापर्यंत दोनदा तिथे माझेच नाव आले आहे.