मिस अर्नेस्टाइनच्या घरातली माझी खोली

मिस अर्नेस्टाइन टॉलिव्हर यांच्याइतकी खडूस घरमालकीण अख्ख्या क्लीव्हलँडमध्ये नसेल, आणि त्यांचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही. त्या होत्या मिसेस, पण आम्ही सगळे आदरानं 'मिस अर्नेस्टाइन' म्हणायचो. पाच भाडेकरू, एकच न्हाणीघर. आत दहा मिनिटं झाली की बाहेरून दार वाजलंच समजा. पालेभाजी करपलेली असली तरी मुकाट्यानं खायची. पण मी राहायला आले त्या दिवशी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवून त्या म्हणाल्या, दुसरी किल्ली माझ्याकडे आहे, ती फक्त आग लागली तर. पुढं टॉवेल द्यायला आल्या तरी दार ठोठावून बाहेरच उभ्या राहायच्या. मला हसू यायचं. मी हॉटेलात खोल्या आवरायचे. दिवसभर परक्यांची दारं उघडणं हेच माझं काम.

बासष्ट सालच्या मार्चमध्ये हॉटेलातल्या एका पाहुणीची अंगठी हरवली. त्या मजल्यावर मी काम करते, म्हणजे चोर मीच. मॅनेजरनं याहून जास्त डोकं शिणवलं नाही. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी दोन गोरे पोलीस दारात आले आणि मी जिन्यातच थिजले.

त्यातला थोराड म्हणाला, "अर्नेस्टाइन, त्या व्हर्डेलच्या खोलीची किल्ली आण."

व्हर्डेल म्हणजे मी.

"मिसेस टॉलिव्हर म्हणायचं. वॉरंट कुठंय?"

"घर तुझंच ना? मालकिणीनं उघडल्यावर वॉरंट कशाला?"

"घर माझं. खोली तिची. भाडं ती भरते."

वॉरंटाशिवाय कुणाच्या घराची झडती घ्यायची नाही, ही अमेरिकेच्या घटनेची चौथी दुरुस्ती त्यांना तोंडपाठ होती. चर्चमधल्या एका वकिलानं शिकवली होती. घराला टाळं ठोकायची धमकी देऊन झाली, तरी बाई उंबऱ्यावरून हलल्या नाहीत. मग त्या पोलिसानं वर माझ्याकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, चोरी केली नाहीस ना, मग दाखव की खोली.

"बघा" हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. लपवायला माझ्याकडे होतं काय? तेवढ्यात पलंगाखालची पेटी आठवली. तिच्यात माझ्या लेकीचे कपडे होते. ती अलाबामात अडीच महिन्यांची होऊन गेली. ती पेटी मी स्वतः उघडायला धजले नव्हते, आणि आता हा माणूस तिच्यात हात घालणार होता. मी मिस अर्नेस्टाइनकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "खोली तुझी आहे. हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

"नाही," मी म्हणाले. पोलिसाला हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकवला. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "वॉरंट आणा."

ते शिव्या देत गेले आणि परत आले नाहीत. दोन दिवसांनी अंगठी त्या पाहुणीच्याच हातमोज्यात सापडली. माझी माफी कुणी मागितली नाही.

खोलीत काय होतं, हे घरात सगळ्यांनी विचारून घेतलं. मिस अर्नेस्टाइननी मात्र एकदाही विचारलं नाही. उलट विचारणाऱ्यांनाच दटावलं, ताटात बघून जेवा म्हणून. चार वर्षांनी, स्वयंपाकघरात वाटाणे सोलताना, मीच होऊन त्यांना पेटीबद्दल सांगितलं. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"नाव काय गं होतं तिचं?"

"ल्युला मे," मी म्हणाले. अलाबामा सोडल्यापासून ते नाव मी मोठ्यानं घेतलंच नव्हतं.