अँबॅसडरची नळी

आमच्या घरात एक म्हण खास माझ्यासाठी राखून ठेवलेली आहे. 'नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.' बायको दिवसातून एकदा तरी ऐकवते. माझं कापडाचं दुकान, सोनारकीशी काही संबंध नाही, पण तिला काय त्याचं!

ती बोरीच्या शाळेत गणित शिकवायची. पहिल्या दिवशी रुजू व्हायला मीच तिला वडिलांच्या अँबॅसडरमधून सोडलं होतं. पुढं सगळी नोकरी बिचारीनं एसटीनं केली. म्हणून मी शब्द दिला होता, की रिटायर होशील त्या दिवशी त्याच गाडीतून घरी आणीन. आणि नेमकं निरोपाच्या आठवड्यात, इंजिनातलं तेल बघायची पट्टी ज्या नळीत बसते, ती नळीच बुडाशी चिरली अन् तेल गळायला लागलं. पोरगा पुण्याहून फोनवर म्हणाला, भाड्यानं गाडी करा. मी म्हणालो, मग शब्द कशाला दिला?

परभणीत जुन्या स्पेअरपार्टची दुकानं हिंडून शेवटी एक नळी मिळाली. मेकॅनिक गावाला गेलेला. म्हटलं, त्यात काय एवढं, आपणच बसवू. जुनी उपटली, भोक पुसलं, नवी हलक्या हातानं ठोकली, मापानं ताजं तेल भरलं. पट्टी काढून बघतो तर तेल कमीच. आणखी ओतलं, तरी कमीच.

बायको ओसरीवर मेथी निवडत होती. तिथूनच म्हणाली, "मापानं भरलंय ना? मग तेल कमी न्हाई. नळीच वर राहिली आसंल, पट्टी खाली पोचायली न्हाई."

मी म्हणालो, तू मेथी निवड. आणि उरलासुरला डबाही इंजिनात रिकामा केला.

गाडी सुरू केली अन् काय सांगू, निळ्या धुरानं सगळं अंगण भरलं. शेजारणीनं नाक मुरडत वाळत घातलेले कपडे आत नेले. बायको मेथी घेऊन आत गेली. तेच लय लागलं. मग गुमान लाकडाचा ठोकळा धरून नळी नीट ठोकली. चांगली अंगठाभर खाली गेली की! जादा तेल काढलं. पट्टी खुणेवर आली, गळती बंद, धूर बंद. मी आनंदानं अंगणातूनच ओरडून सांगितलं, तर आतून ती म्हणे, ऐकलं, मी ऐकत असते.

निरोपाच्या दिवशी गाडी धुऊनपुसून शाळेपुढं उभी केली. शाल-नारळ घेऊन ती आली, पोरींना पोटाशी धरून रडली. मी ऐटीत पलीकडचं दार उघडून धरलं. ती मात्र वळसा घालून स्टेअरिंगच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि हात पुढं केला.

"चावी द्या."

मला हसू आलं. तुला कुठं येतंय, म्हणालो.

"उन्हाळ्याच्या सुट्टीत क्लास लावला होता. लायसन बी आलंय. तुमाला जेवताना दोनदा सांगितलं. तुमी 'हूं' म्हणलात."

म्हणालो असणार. मुकाट्यानं चावी दिली आणि पलीकडं बसलो. आमच्या गाडीचा गिअर स्टेअरिंगपाशी असतो, तेवढा समजावून सांगितला. तिनं नीट ऐकून घेतलं. एक गचका बसला, मग गाडी झकास निघाली.

परभणीच्या रस्त्याला लागल्यावर ती बोलायला लागली. शाळेतला पहिला दिवस, एसटीतल्या मैत्रिणी, काय काय. वाऱ्यामुळं नीट ऐकू येईना, म्हणून मी माझ्या बाजूची काच वर केली.