लिव्हरातलं गोदाम आणि मुक्ताचे डोळे

दवाखान्यात आया म्हणून जन्म काढला. झाडू मारला की कचरा सुपलीत येतो, किस्से मात्र डोक्यातच राहतात. लई साठलेत बघा!

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमाराला दुष्काळानं आमच्या उदगीरकडं हिरवं पान ठेवलं न्हाई. शेजारच्या गंगाबाई सहा वर्षांच्या नातीला, मुक्ताला घेऊन दवाखान्यात आल्या. दिवस कलला की पोर भिंतीला धडकायची.

डॉक्टर नवे, कोवळे. म्हणाले, "अ जीवनसत्त्व कमी पडलंय. कलेजी खाऊ घाला."

गंगाबाई लिंगायत, गळ्यात लिंग! त्या ताडकन उभ्या. "सोमवारी आम्ही कांदा बी चिरत न्हाई, अन् तुम्ही कलेजी सांगून राहिलात?"

"अहो आजी, औषध बी हाय! चमचाभर!"

"मग ते आधी सांगावं की!"

*

डॉक्टर म्हणाले, दोन-तीन चमचे झाले की पुढचा थेट सहा महिन्यांनी. गंगाबाईंना पटेना. "शेळीला रोज पाला लागतो, पोरीला सहा महिन्यांनी चमचा?"

डॉक्टरांनी कागदावर लिव्हर काढलं. मोठाल्या पेशी, अन् त्यांच्या सांदीत चांदणीसारखे हात पसरलेल्या चिमुकल्या. आलेला जीवनसत्त्वाचा माल मोठ्या पेशी उतरवून घेतात, पण बहुतेक साठा चिमुकल्यांकडं, तेलाच्या थेंबांत. लागेल तसा तिथनं निघतो.

मी म्हणलं, "नव्या जिल्ह्यावानीच की! हारतुरे मोठ्यांना, गोदामाची किल्ली बारक्यांकडं!"

सिस्टरबाई हसून हसून स्टुलावर बसल्या. गंगाबाई मात्र गंभीर. "आमच्यात बी तसंच हाय. मालक म्हणून हे मिरवतात, डबे माझ्याकडं."

*

दुसऱ्या दिवशी त्या पितळी चरवी घेऊन हजर! "गोदाम हाय म्हणता, तर भरूनच टाका. दुष्काळ किती चालंल, कुणाला ठावं?"

डॉक्टर घाबरले. "आजी, जास्त झालं की त्याचंच विष होतं!"

गंगाबाईंनी चरवीकडं बघितलं, मग कोपऱ्यातल्या माठाकडं. "बरं, पाण्याचं तर विष होत न्हाई ना?"

*

चमचे पोटात गेल्यावर आठवड्यानं डॉक्टरांनी दिवेलागणीला बोलावलं, पण दिवा लावू दिला न्हाई. मुक्ताला भिंतीपाशी उभं केलं, आपण चार पावलं मागं सरले अन् हात वर केला. गंगाबाईंनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी वाढली.

"किती बोटं?"

मुक्तानं मान वाकडी करून हाताकडं बघितलं.

"बघ नीट. किती?"

पोरीनं डोळे बारीक केले. गंगाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात पोर म्हणते, "मोजता येत न्हाई मला. पर मधल्या बोटाचं नख काळं पडलंय तुमचं. दारात सापडलं का?"