कॅरमवरची बोरिक पावडर

माझ्या नवऱ्याला कॅरमचं वेड आणि मला माहिती सांगायचं. ही दोन्ही वेडं दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तिकडे आखातात, खैतानमधल्या आमच्या दोन खोल्यांत सुखाने नांदत. मी एका दवाखान्यात फार्मासिस्ट होते. वाळूचं वादळ येऊन गेलं की डोळे धुवायला आम्ही बोरिकचं पाणी तयार ठेवायचो. त्याच बोरिक पावडरीचा एक डबा मी बाजारातून आणून घरी कॅरमसाठी ठेवला होता. बोर्डावर जराशी भुरभुरली की सोंगट्या सुळकन जायच्या.

नवऱ्याचा खेळातला जोडीदार रत्नागिरीकडचा. आमच्या इमारतीखाली त्याचा बकाला होता. तांदळापासून सुईदोऱ्यापर्यंत सगळं तिथे मिळे. मला तो वैनी म्हणायचा. त्या वर्षी त्याच्या बायकोच्या मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण गाठ पुरती काढता आली नाही. तिला फिट्स येत, त्यासाठी गोळ्या चालू होत्या. तो शुक्रवारी यायचा खरा, पण स्ट्रायकर हातात धरून नुसता बसायचा.

त्याला धीर यावा म्हणून एका शुक्रवारी मी तोंड उघडलं. दवाखान्यातल्या एका मासिकात नुकतंच वाचलं होतं, की जपानमध्ये अशा गाठीवर एक नवा उपचार करून पाहताहेत. बोरॉनचं खास बनवलेलं औषध रक्तातून द्यायचं, ते गाठीत साठतं. मग अणुभट्टीतले न्यूट्रॉन तिथे सोडायचे. बोरॉनचा अणू फुटतो आणि ज्या पेशीत आहे तिलाच मारतो, शेजारची बहुधा वाचते. मला ती कल्पना इतकी आवडली होती की मी हातवारे करत सांगत सुटले.

“पण बोरॉन म्हणजे काय?” नवऱ्याने विचारलं.

मी बोर्डावर बोट टेकवलं आणि पांढरं झालेलं टोक वर करून दाखवलं. “यातसुद्धा तेच असतं.”

दोघेही थक्क झाले आणि मी खूश. ही पावडर म्हणजे ते औषध नव्हे, ही पोटात गेली तर विष, हे पुढचं कोणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. चहा उतू चालला होता, मी उठले.

महिनाभराने तो दवाखान्यात माझ्या औषधांच्या खिडकीशी चिठ्ठी घेऊन आला. बायकोला उलट्या होत होत्या, अंग लालबुंद झालं होतं. फिट्सच्या गोळ्या बाधल्या असाव्यात म्हणून डॉक्टरांनी त्या बंद करायला लिहिलं होतं. मी वर वॉर्डात जाऊन तिला पाहिलं. अंग उकडलेल्या कोलंबीसारखं, आणि तळहातांची सालं निघत होती. कॉलेजात विषांच्या धड्यात हे वाचलेलं मला आठवलं. त्याला बाहेर बोलावून विचारलं, घरचं काही देता का?

“तुम्हीच सांगितलाव ना वैनी,” तो म्हणाला. “मधातून देतंय. सकाळ-संध्याकाळ. तुमच्याच डब्यातला काढून नेला.”

ते विष आहे हे मी सांगितलं तेव्हा तो भिंतीला टेकला. मग हात जोडून म्हणाला, “डॉक्टरला बोलू नका. मला पकडून नेतील, ती एकटी मरंल.” खोटं कशाला सांगू, मला आधी माझी नोकरी आठवली. पण गप्प बसले असते तर गोळ्या बंद होऊन तिला फिट्स आल्या असत्या, आणि पावडर अंगात तशीच राहिली असती. मी डॉक्टरांकडे गेले आणि माझ्या बोटासकट सगळं सांगितलं. मग त्यांनी सलाइन लावायला सांगितलं आणि गोळ्या पुन्हा चालू केल्या. पोलिसांचं नाव कोणी काढलं नाही. मला वरिष्ठांनी झाडलं, ते रास्तच होतं.

पंधरा दिवसांत तिची कातडी निवळली. गाठ मात्र वाढतच होती, आणि त्याने तिला गावी न्यायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला भेटायला गेले. तो खाली दुकानात होता. मी तिचा हात हातात घेतला आणि माफी मागितली.

“मला ठावं होता,” ती म्हणाली. “दर जुम्याला खेलून यायचे, तेव्हा त्यांच्या बोटांना तोच पावडर असायचा. मी वलखला पहिल्याच दिवशी.”

“मग खाल्लंस कशाला गं?”

“बाकी औषध देताना त्यांचा हात कापतो, वैनी. ह्या देताना कापत नव्हता.”

ती त्याच वर्षी गेली. तो परत आला, दुकान चालवत राहिला, पुढे पुन्हा कॅरमही खेळू लागला. कधी डाव मध्येच थांबवून म्हणायचा, “तिला बिचारीला काय ठावं, वैनी, मी काय चारतंय ता.” मी चहा ठेवायला उठायचे. सगळ्यांना सगळं सांगत सुटणारी मी, एवढं एक मी त्याला सांगितलेलं नाही.