गॅसवाल्या खेकड्याची हुर्यो

तोचिकुबो शिगेरू चालतो तेव्हा त्याचा उजवा खांदा खाली असतो. गॅसच्या टाक्या आयुष्यभर त्याच खांद्यावरून गेल्या, म्हणून टाकी नसली तरी तो ती असल्यासारखाच चालतो. बोलणंही तसंच, ओझ्याखालचं. "हं." "बरं." "टाकी बदलली." अख्ख्या कुरोहामा बंदरात नक्कल करायला सगळ्यात अवघड माणूस हाच. मी वर्गात त्याचा आवाज काढते तेव्हा पोरं विचारतात, "अगं, तू गप्प का बसलीस?"

हा झाला सोमवार ते शनिवारचा शिगेरू-सान.

खेळ असेल त्या रविवारी मासळीच्या लिलावाची शेड पाइप लावून धुतात, मधोमध रिंग उभी करतात आणि बियरचे रिकामे क्रेट उलटे मांडतात. पुढच्या रांगेत म्हाताऱ्यांसाठी उशा. मग हिराका मालकांच्या शिओकाझे मंडळाचा खेळ सुरू होतो. ही लाल मातीतली कुस्ती नव्हे. हिच्यात मुखवटे असतात, दोरांवरून उड्या असतात, कोण जिंकणार ते मालकांनी आधीच ठरवलेलं असतं आणि ते माहीत असूनही सगळ्यांचा जीव वरखाली होतो. आमचा हीरो कॅप्टन हाताहाता. हाताहाता हा आमच्याकडचा हिवाळी मासा आणि त्याच्या चंदेरी मुखवट्याआड असतो पोस्टमन निशिमोरी. खलनायक दोकुगानी, म्हणजे विषारी खेकडा. तोंडाला लाल-काळा रंग, हाताला रबरी नांग्या, हा रविवारचा शिगेरू-सान. तो आडवा आडवा चालत येतो आणि माइक हिसकावून ओरडतो, "काय रे कुरोहामावाल्यांनो! तुमचा हाताहाता माझ्या मांजरानं हुंगून सोडला! उपाशी राहीन म्हणालं, पण हा नको!"

तो आवाज! गटारात ट्रॉम्बोन वाजवावा तसा. हा मात्र मला छान जमतो.

मग शेडभर हुर्यो. पोरं पायानं क्रेट बडवतात, कोळी शिट्ट्या मारतात. खेकडा पुढच्या रांगेत उतरतो आणि म्हाताऱ्यांच्या मांडीवरचे भाताचे गोळे चोरतो. एक घास तोडून उरलेला परत देतो, हे सगळ्यात नीच. आमच्या शेजारच्या तोमे आजी छत्री उलटी धरून तयारच असतात. छत्रीची मूठ लाकडी, बदकाच्या डोक्याची. त्या मुठीनं खेकड्याच्या पाठीत असा दणका घालतात की शेवटच्या रांगेतल्यांनाही ऐकू जावा. आजी आयुष्यभर मासे कापत आल्या आहेत, मनगट अजून शाबूत आहे.

आमच्याकडे एक रीत आहे. रविवारचा माणूस सोमवारी ओळखायचा नाही. पोस्टमनला कुणी विचारत नाही की कालची मान कशी आहे. लहान मुलांनासुद्धा हे शिकवावं लागत नाही. म्हणून सोमवारी शिगेरू टाकी घेऊन आला की तोमे आजीच्या स्वयंपाकघरात हे असं चालायचं:

"अरे शिगेरू, काल तू हवा होतास! तो मेला खेकडा! माझ्या गोळ्याला तोंड लावलं त्यानं!"

"असं?"

"मग सोडते की काय! असा हाणला, असा हाणला!"

"बरं केलंत, आजी."

"आई-बापानं काही शिकवलेलं दिसत नाही त्याला. घे, हा मुळा घे लोणच्याचा. पाठ का धरलीयेस रे?"

"टाकी जड होती."

"जपून रे बाबा."

आणि आजी खेळाच्या दिवशी दोन गोळे नेत. एक साधा, एक आंबट प्लमचा, शिगेरूला आवडतो तसा. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "चुकून जास्त झाला." दर वेळी चुकून.

शिगेरूची बायको साचिए गेली तेव्हा बर्फ पडत होतं. तो रडला नाही. कामावर आला, टाक्या बदलल्या. लोकांनी नमस्कार करून सांत्वन केलं की म्हणायचा, "हं." घरी जेवण बनवायचा की नाही, त्यालाच आठवत नसे. एकदा उकळत्या किटलीला हात लावून तसाच उभा राहिला होता, शेजाऱ्यांनी ओढून बाजूला केला. तळव्याला फोड आले तरी म्हणाला, "गरम होती वाटतं."

त्यानंतरच्या खेळाला हिराका मालक म्हणाले, "तू घरी थांब." तो आला. रंग लावला, आडवा चालला, गोळा चोरला. आजींनी मूठ फिरवली, दणका दिला. मागे बर्फाच्या खोलीत, जिथं पैलवान कपडे बदलतात, तिथं तो मालकांना म्हणाला, "दुखलं."

मालक घाबरले. "डॉक्टरला बोलवू?"

"नको. दुखलं," तो परत म्हणाला, एखादी हरवलेली वस्तू सापडल्यासारखा. "लोक ओरडतात ना, तेव्हा ऐकूपण येतं. बाकीचं सगळं कापसातून येतं."

निशिमोरीनं हे ऐकलं, म्हणून ते सगळ्यांना कळलं. आणि कुणीही त्यावर बोललं नाही. पुढच्या खेळाला हुर्यो मात्र जरा वाढली.

असं ते चाललं असतं. पण टोकियोहून टीव्हीवाले आले.

हल्ली गावोगावच्या मंडळांचं शहरात फार कौतुक आहे. मोठ्या कंपन्यांचे चकचकीत पैलवान बघून लोक कंटाळलेत म्हणे, त्यांना पोस्टमननं उडी मारलेली बघायची आहे. टीव्हीवाली बाई पातळ आवाजाची, प्रत्येक वाक्याच्या शेवटी आश्चर्य. "म्हणजे तुम्ही दिवसा गॅस पोचवता? आणि मग इतके दुष्ट? अगंबाई!" हिराका मालक तिच्यामागे पळून पळून घामेघूम झाले. शिगेरूनं आधी नको म्हटलं. मालक म्हणाले, "अरे, शेडचं छप्पर गळतंय. माणसं आली तर मंडळ टिकेल. तुझीच हुर्यो टिकेल ना?" म्हणून तो हो म्हणाला.

कार्यक्रम लागला तेव्हा आमचं अख्खं घर बघत होतं. शिगेरू टाकी वाहतो, एका म्हातारीचा बल्ब बदलतो, साचिएच्या फोटोपुढे उदबत्ती लावतो. मागे पियानो. एक सूर, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा सूर. बाई विचारते, "आत्ता काय वाटतंय?" शिगेरू कॅमेऱ्याकडे बघतो. "काही नाही." पियानो. खाली अक्षरं आली: 'देशातला सर्वांत प्रेमळ खलनायक.' माझी आई रडली. बाबा उठून नाक शिंकरून आले. जपानभर लोक रडले असणार.

पुढच्या रविवारी बंदरात बस मावेनात. सेंडाईहून, टोकियोहून, कुठून कुठून माणसं. खेकडा आडवा चालत आला आणि शेडभर टाळ्या झाल्या. लाल-काळ्या कागदी फिती उडाल्या. खलनायकाला आमच्याकडे कुणी कधी फिती टाकल्या नव्हत्या. तो त्यांच्यात गुंतून उभा राहिला.

"तुमचा हाताहाता माझ्या मांजरानं..."

"किती गोड!" एक मुलगी ओरडली. "मांजर पण आहे त्याच्याकडे!"

त्यानं निशिमोरीच्या तोंडावर पाणी थुंकलं. हशा. त्याच्या मुखवट्याची दोरी सोडली. "शिगेरू-सान, जोरात!" चक्क नावानं, आणि तेही रविवारी! शेवटी तो पुढच्या रांगेत उतरला गोळा चोरायला. रांगभर हात पुढे झाले. गोळे, केक, सोललेली संत्री. "हे घ्या." "नीट जेवता ना?" चोरायला काही उरलंच नव्हतं. तोमे आजींची उशी रिकामी होती. मोतीबिंदू काढायला त्या लेकीकडे गेल्या होत्या.

बर्फाच्या खोलीत हिराका मालक नाचत होते. "शर्ट संपले! तुझ्या तोंडाचे शर्ट! निशिमोरीचा एक खपला नाही!"

"मालक, मला ओरडत नाहीत आता."

"ओरडतायत की! प्रेमानं!"

"हं," शिगेरू म्हणाला. मग त्यानं बर्फाच्या ढिगात हात खुपसला आणि तसाच बसून राहिला. निशिमोरीनं शेवटी हात धरून बाहेर काढला. बोटं निळी झाली होती.

"दुखत नाही?"

"नाही."

आजी परत आल्या तेव्हा ताडपत्रीएवढा काळा चष्मा लावून आल्या. सोमवारी मी त्यांच्याकडे पर्सिमॉनची फळं सोलायला बसले होते, वाळवणासाठी. शिगेरू टाकी घेऊन आला, जुनी काढली, नवी जोडली, साबणाचं पाणी लावून गळती बघितली. आणि मग गेला नाही. तिथंच गुडघ्यावर बसला.

"आजी, रविवारी याल ना?"

"येईन तर! डोळे नवे करून आणलेत. त्या मेल्या खेकड्याला आता नीट नेम धरून हाणते. गेल्या खेळाला माजला असेल ना, मी नव्हते तर?"

माझ्या हातातली साल तुटली. आजींना काहीच माहीत नव्हतं असं कसं होईल? लेकीकडे टीव्ही होता, शेजारणी होत्या. पण त्या अगदी जुन्या सोमवारसारख्याच बोलत होत्या. शिगेरूनं नुसतं "बरं, आजी" म्हणून उठायचं होतं, बस्स. कदाचित डोळ्यांच्या पट्टीमुळे त्यांनी काही पाहिलं नसेल असं त्याला वाटलं असेल. कदाचित काहीच वाटलं नसेल. तो जमिनीला कपाळ टेकवून म्हणाला,

"आजी, मला जोरात मारा. बाकी कुणी मारत नाही आता. साचिए गेल्यापासून मला काही लागत नाही, फक्त तुमची छत्री लागते. नेहमीसारखं मारा."

आजींनी चष्मा काढला. नवे डोळे लाल होते.

"तुला?" त्या म्हणाल्या. "तुला मी कशाला मारू, शिगेरू? साचिएच्या अस्थी उचलताना तुझ्या शेजारी उभी होते मी."

"रविवारी मारता तसं..."

"रविवारी मी खेकड्याला मारते."

त्यानं कपाळ पुन्हा जमिनीला टेकवलं.

"मला काय कळत नव्हतं?" आजींचा आवाज खाली आला. "लेकीनं सगळं सांगितलं, कान झाकले तरी सांगितलं. मी म्हटलं, सांगू दे. पण ते तू सांगायचं नव्हतंस रे."

शिगेरूनं जुनी टाकी खांद्यावर घेतली. दारात "टाकी बदलली" म्हणाला आणि गेला. आजींकडून त्याला मुळा द्यायचा राहिला.

रविवारी शेड पुन्हा गच्च. टाळ्या, फिती, "शिगेरू-सान, शिगेरू-सान." तोमे आजी आपल्या उशीवर, मांडीवर दोन गोळे, शेजारी छत्री. खेकडा रिंगमधून उतरला आणि इतर सगळे पुढे आलेले हात सोडून आडवा आडवा आजींसमोर आला. प्लमचा गोळा उचलला, घास तोडला, उरलेला परत ठेवला. मग पाठ वळवून वाकला आणि थांबला.

आजींनी छत्री उचलली. सवयीनं उलटी धरली, बदकाचं डोकं वर. मग मी बघितलं, त्यांनी ती हवेतच फिरवून सुलटी केली. मूठ हातात आली, कापड बाहेर. आणि कापडानं मारलं. गादी झटकतात तसा आवाज झाला.

खेकडा कोसळला. आजवर कधी कोसळला नसेल असा कोसळला. हातपाय ताणले, नांग्या थरथरवल्या, फेसाचं सोंग काढलं, क्रेट उलथवत गडगडत रिंगखाली गेला. शेड हसून हसून लोळली. टाळ्या थांबेनात. आजी तेवढ्या पुढे वाकून रिंगखाली बघत होत्या.

"लागलं का रे?" त्यांनी हळूच विचारलं.



सोमवारी टाकी आली. जुनी काढली, नवी जोडली, साबणाचं पाणी, बुडबुडा नाही. आजींनी चहा ओतला. खेकड्याचं नाव निघालं नाही. त्या त्याच्या पडलेल्या खांद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हळू ठेव. कंबर सांभाळ."

"हं," शिगेरू म्हणाला. पेल्यातून वाफ येत होती. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात रिकामा केला.