ग्रँडकाकांचं आयर्लंड

समोरून गाडी आली की ग्रँडकाका स्टिअरिंगवरून एक बोट वर करायचे. हात हलवणं नाही, मान डोलावणं नाही. फक्त अंगठ्याशेजारचं बोट, तेही पेरभर. मी अमेरिकेत श्रूजबरीला नवीन आले तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती आणि काका मला भाजी आणायला घेऊन जायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांच्या बोटाला काहीतरी दुखणं आहे. न राहवून विचारलं, तर म्हणाले, "नमस्कार आहे तो. आमच्या आयर्लंडमध्ये, खेड्यातल्या रस्त्यावर, समोरचा ओळखीचा असो नसो, बोट वर करायचं. तोही करतो."

इथे कोणी करत नसे. उलट एकदा सिग्नलला एका ट्रकवाल्याने काच खाली करून, काय प्रॉब्लेम आहे, असं दरडावून विचारलं. काकांनीही आपली काच खाली केली आणि म्हणाले, "नो प्रॉब्लेम, सर. ग्रँड डे!" बाहेर चिखलासारखा बर्फ पडत होता.

सगळंच त्यांना ग्रँड होतं. चहा ग्रँड, गुडघ्याचं ऑपरेशन ग्रँड, आमच्या महाराष्ट्र मंडळाची चार तास लांबलेली दिवाळी पार्टीसुद्धा ग्रँड. म्हणून नावच पडलं. खरं नाव डॉक्टर मुळे. मूळचे नागपूरचे, भूल देणारे डॉक्टर. शेजारच्या वुस्टरच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले. पण नागपूर आणि अमेरिका यांच्या मध्ये, सत्तरच्या दशकात, तीन वर्षं ते आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका गावात सरकारी इस्पितळात होते आणि मिसेस केली नावाच्या विधवा बाईच्या घरी खोली घेऊन राहिले होते. अमेरिकेतली चाळीस-बेचाळीस वर्षं त्यांनी एका वाक्यात संपवली असती. त्या तीन वर्षांना मात्र शेवट नव्हता.

आमच्या मंडळींना याचा भारी कंटाळा. काकांनी "आमच्या आयर्लंडमध्ये" म्हणायचा अवकाश, कोणीतरी डोळे मिचकावून म्हणणार, "काका, तुम्हाला भूल द्यायला इंजेक्शन लागायचंच नाही ना?" सगळे हसायचे. काकाही हसायचे. इंजिनिअर मंडळींना आपल्या पुण्यातल्या कॉलेजच्या कॅन्टीनबद्दल तासभर बोललेलं चालतं, तिथे सगळ्यांचे डोळे पाणावतात. पण आपल्यातल्याच एका माणसाला आयर्लंडमधल्या कुठल्याशा बाईच्या स्वयंपाकघराची आठवण यावी, हे आम्हाला फाजीलपणाचं वाटायचं. आठवणी काढायच्याही आमच्यात ठरलेल्या जागा आहेत.

त्या स्वयंपाकघराची गोष्ट मात्र मला आवडायची. काका पक्के शाकाहारी, नागपूर सोडताना आईच्या धाकाने फक्त अंड्यापर्यंत आलेले. मिसेस केली रोज त्यांच्या पानात बटाटे, कोबी आणि एक अंडं वाढायची. बाकीच्यांच्या पानात मांस. तिची तीन मुलं रोज विचारायची, डॉक्टरला का नाही? पण शुक्रवार आला की कॅथलिक घरात मांस वर्ज्य. मासळी महाग, म्हणून शुक्रवारी सगळ्यांच्याच पानात बटाटे, कोबी, अंडं. "त्या दिवशी ती मला मुद्दाम टेबलाच्या मधल्या खुर्चीवर बसवायची," काका सांगायचे, "आणि म्हणायची, शुक्रवारी आम्ही सगळे हिंदू, डॉक्टर."

म्हणून काकांकडे दर शुक्रवारी उकडलेली अंडी आणि बटाटे. काकू वैतागायच्या. "लोकांच्या नवऱ्यांना पुरणपोळी आठवते, ह्यांना उकडलेला बटाटा." तरीही करायच्या. मी बरेचदा त्या पानाला असायचे. चवीला यथातथाच असायचं. काका एकेक घास असा खायचे की आपणच काहीतरी चुकवतोय असं वाटायचं.

मग ती मालिका आली.

आयर्लंडमधलं जुनं गाव, एक विधवा, तिच्या घरातले भाडेकरू, आणि अर्ध्या अर्ध्या तासाचे विनोदी भाग. आमच्या भागात गल्लोगल्ली आयरिश आडनावं. महिन्याभरात सगळ्यांच्या तोंडी तीच. माझ्या ऑफिसातली मंडळी सोमवारी कॉफी मशीनपाशी डोळे पुसत बोलायची. किती साधी माणसं, किती ऊब, आमची आजी अगदी अशीच. ज्यांची पणजीसुद्धा बॉस्टनमध्ये जन्मली होती, त्यांना अचानक पीटच्या, म्हणजे तिकडे चुलीत जाळतात त्या दलदलीतल्या मातीच्या, धुराचा वास आठवू लागला. ऑनलाइन चाहत्यांचा एक मोठा ग्रुप झाला आणि त्यात लोक आपापल्या आजीच्या नावाने हुंदके देऊ लागले.

ग्रँडकाका तर हवेतच. नवा भाग शुक्रवारी यायचा, हाही त्यांना शुभशकुन वाटला. पहिल्या भागाला त्यांनी आम्हा सात-आठ जणांना बोलावलं, कोट-टाय घालून सोफ्यावर बसले आणि पडद्यावर ते स्वयंपाकघर दिसल्याबरोबर उभेच राहिले. मला म्हणाले, "अगं मीनल, बघ, बघ! दाराशेजारी ती शेगडी! आमची अशीच होती! आता बघ, मागच्या दाराने पोस्टमन येईल." आला. काकांनी टाळी वाजवली. इतकी वर्षं ज्या घराच्या नुसत्या गोष्टी सांगितल्या, ते घर आता सगळ्यांना दिसत होतं. "आता पटलं ना?" असं ते प्रत्येकाकडे वळून म्हणत होते. न पटण्यासारखं काय होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

एका गोष्टीची ते वाट बघत होते. तिसऱ्या भागानंतर चहा ओतता ओतता हळूच म्हणाले, "वरची खोली अजून दाखवली नाही. वरच्या खोलीत डॉक्टर असणार. आमच्या इस्पितळात आम्ही चौघं होतो, दोन भारतातले, एक पाकिस्तानी, एक नायजेरियाचा. त्या गावांत डॉक्टर म्हणजे आम्हीच. येईल, पुढच्या भागात येईल."

वरच्या खोलीत एक सॅक्सोफोन वाजवणारा शिक्षक निघाला.

त्याचंही काकांनी वाईट वाटून घेतलं नाही. पण सहाव्या भागात विधवेच्या घरी शुक्रवारचं जेवण होतं. शुक्रवार असल्याचा संवादात उल्लेखच होता. आणि टेबलाच्या मधोमध सॉसेजची भरलेली ताटली. सगळे हसत हसत वाढून घेत होते. काका एकदम म्हणाले, "थांबवा." काकूंनी थांबवलं. "शुक्रवार आहे," काका म्हणाले. "शुक्रवारी सॉसेज? त्या बाईने मुलांना घराबाहेर काढलं असतं!" आमच्यातला एकजण म्हणाला, "यार काका, कॉमेडी आहे, चिल करा." काका चिल झाले नाहीत. पडद्यावरच्या त्या घरात त्यांचं स्वतःचं असं काही राहिलं होतं तर तो एक शुक्रवार, आणि तोही कोणाला ठाऊक नव्हता.

त्यांनी ग्रुपवर लिहिलं. मी वाचलं होतं. अगदी अदबीने लिहिलं होतं. मालिका मला फार आवडते, पण शुक्रवारी त्या टेबलावर अंडी असायची, मी अशाच एका घरात तीन वर्षं राहिलो आहे, आणि त्या घराने मला कधीही परकं मानलं नाही.

उत्तरं धडाधड आली. एका बाईने लिहिलं, माझी आजी त्याच भागातली, तिथे तेव्हा एकही इंडियन नव्हता. एकाने लिहिलं, प्रत्येक गोष्टीत स्वतःला घुसवायची तुम्हा लोकांना सवयच असते. एकाने लिहिलं, सर, आमचा आनंद तरी आम्हाला ठेवा. एका हुशाराने जाहीर केलं की असा कोणी माणूस नाहीच, हे मशीनने लिहिलेलं आहे. त्यावर हसण्याचे चेहरे. त्या चेहऱ्यांत आमच्या मंडळातलाही एक चेहरा होता. आपल्याच माणसाने काकांचं लिहिणं उचलून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं, वर शेरा, "काकांना आयरिश पासपोर्ट द्या रे कोणीतरी!"

फ्रिस्कोहून मुलाचा फोन आला. निखिल इथेच जन्मला, मोठ्या कंपनीत आहे. काकांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. "बाबा, प्लीज, ते डिलीट करा. लोक मला फॉरवर्ड करतायत. इट्स एम्बॅरसिंग."

"अरे, पण मी होतो तिथे."

"आय नो, बाबा. बट हू केअर्स?"

काकांनी डिलीट केलं. चष्मा काढून पुसला, परत घातला. म्हणाले, "त्यांचं तरी काय चुकलं? पुरावा कुठे आहे माझ्याजवळ? एकाही फोटोत मी नाही."

ते खरं होतं. त्या घरात कॅमेरा एकट्या काकांकडे, पहिल्या पगारातून घेतलेला. म्हणून फोटोंत सगळे होते, काका नव्हते. पण एक फोटो त्यांनी कपाटातून काढून माझ्यापुढे धरला. रविवारची सकाळ, चर्चहून आलेली मिसेस केली घराच्या पायऱ्यांवर बसलेली, आजूबाजूला तीन मुलं, एकाचा मोजा घसरलेला, सगळी उन्हाने डोळे बारीक करून हसत आहेत. "तीन वर्षांत असं ऊन मी मोजून दोनदा पाहिलं असेल," काका म्हणाले. मग फोटोच्या खालच्या भागावर बोट ठेवलं. खालच्या पायरीवर आणि अंगणात एक लांब सावली पडली होती. डोकं, खांदे, कॅमेरा धरलेली दोन कोपरं. "हा मी."

तो फोटो त्यांनी ग्रुपवर टाकला. या वेळी शब्द थोडेच. मिसेस केली आणि मुलं, फोटो मी काढला, खालची सावली माझी.

फोटोवर लोक अक्षरशः तुटून पडले. हीच खरी मालिका! काय चेहरे आहेत! हे कोणाचं घराणं? ज्या बाईची आजी त्या भागातली होती, तिला मिसेस केलीत आपली आजी दिसली. लोकांनी तो आपापल्या पानांवर नेला, कोणी रंग भरले, कोणी मागे गाणं लावलं. काकांचं वाक्य पहिल्याच फेरीत गळलं. मग कोणीतरी नीटनेटक्या माणसाने विचार केला असावा की खाली हे काळं काय आलंय, फोटो बिघडतो. त्याने खालची बाजू कापली. त्यानंतर सगळीकडे तोच कापलेला फोटो फिरू लागला. खाली लिहिलेलं, छायाचित्रकार अज्ञात.

काकांनी मला तो फोनवर दाखवला. मी चिडले. म्हटलं, आपण तक्रार करू, मी लिहिते. काका म्हणाले, "राहू दे गं. त्या घराला लोक एवढं प्रेम देतायत, ते ग्रँडच आहे ना." आयुष्यात पहिल्यांदाच तो शब्द त्यांना नीट उच्चारता आला नाही. पुढच्या शुक्रवारी त्यांनी टीव्ही लावला नाही. आम्हालाही बोलावलं नाही. गाडी चालवताना त्यांचं बोट वर होईना, हे मला त्याच सुमारास दिसलं.

फेब्रुवारीत ते गेले. झोपेतच. शोकसभेला निखिलने स्लाइड शो केला होता. नागपूरचं कॉलेज, त्यानंतर थेट वुस्टरचं घर. मंडळाचे अध्यक्ष बोलले की काका किती दिलखुलास होते, आयर्लंडच्या गमती सांगून हसवायचे. ज्याने पासपोर्टचा विनोद केला होता, त्याने रुमाल काढला. मी सभागृहाच्या मागच्या बाजूला उभी होते आणि मला त्या रुमालाची किळस आली.

महिना भरला तेव्हा काकूंनी मला फोन केला. "पान वाढायचंय. ह्यांच्या आवडीचं काहीतरी हवं. तो आयरिश सोडा ब्रेड मिळतो ना कुठे?" मार्च होता. सगळ्या दुकानांत आयरिश सणाच्या हिरव्या टोप्या आणि हिरव्या पताका लागल्या होत्या. आम्ही गावातल्या एका आयरिश बेकरीत गेलो. गल्ल्यामागच्या भिंतीवर, हातभर लांबीच्या चौकटीत, मिसेस केली आणि तिची तीन मुलं हसत होती. वरची पायरी होती. खालची नव्हती.

गल्ल्यावरची मुलगी काकूंची नजर बघून कौतुकाने म्हणाली, "सुंदर आहे ना? हे खरं आयर्लंड."

काकू गल्ल्याच्या बाजूने आत गेल्या. मुलगी "मॅम, मॅम" करत राहिली. काकूंनी चौकटीच्या खाली, कोऱ्या भिंतीवर तळहात ठेवला.

"इथे हे होते," त्या मराठीत म्हणाल्या.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं नाही. ब्रेडचे पैसे दिले आणि आम्ही निघालो.

घरी काकूंनी केळीचं पान मांडलं. वरण-भात, खीर, वडे, सगळं विधीप्रमाणे वाढलं. निखिल फ्रिस्कोहून व्हिडिओवर होता, सोवळ्याऐवजी ऑफिसच्या शर्टात. शेवटी काकू आत गेल्या आणि उकडलेला बटाटा, कोबी, ब्रेड आणि एक सोललेलं अंडं घेऊन आल्या. पानाच्या मधोमध ठेवलं. या घरात श्राद्धाच्या पानावर अंडं कधी कोणी पाहिलं नसेल. मीही क्षणभर दचकले.

"आई!" निखिल फोनमधून ओरडला. "अंडं? सिरियसली? काय करतेयस तू?"

काकूंनी पानाभोवती पाणी फिरवलं. मग फोनकडे न बघताच म्हणाल्या,

"आज शुक्रवार आहे."