पितळेचे गिअर

भाच्याने त्याच्या रिमोटच्या गाडीसाठी मागवलेला मेटलचा गिअर काल माझ्या हातात ठेवला. त्याला ऑइलचा वास होता. बाबांच्या शर्टाला यायचा, अगदी तोच.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. तेव्हा आम्ही डोंबिवलीला चाळीत राहायचो. मामाने मस्कतहून आणलेल्या माझ्या गाडीचा प्लास्टिकचा गिअर झिजला. बाबा कारखान्यात टर्नर होते. जेवणाच्या सुट्टीत लेथ मशीन मोकळं मिळायचं, तेव्हा त्यांनी पितळेचा गिअर बनवून आणला. गाडी गॅलरीत दोनदा सुसाट गेली, आणि खर्रर्र! पितळेने शेजारच्या प्लास्टिकच्या गिअरचे दाते खाल्ले होते.

"उद्या तोही पितळेचा करून आणतो गं," बाबा हसत म्हणाले.

आठवडाभरात सगळे गिअर पितळेचे झाले. मग मोटरला ते ओढवेनात. गाडी जागची हलेना.

"बाबा, तुम्ही माझी गाडी बिघडवलीत!" मी रडून घर डोक्यावर घेतलं.

"मावशी, बाकीचे पार्टही मेटलचे घेऊ का?" भाच्याने विचारलं. 'कशाला रे पैसे घालवतोस,' असं म्हणणारच होते. तेवढ्यात आठवलं, त्या आठवड्यात आई रोज बाबांवर चिडायची, डबा भरलेलाच परत का आणलात म्हणून.